गोरक्षणाचे कारभारी

म्हातारी, भाकड, लुळी-पांगळी किंवा पोलिसांनी जप्त केलेली जनावरे अखेरपर्यंत सांभाळणारी संस्था म्हणजे गोशाळा. मराठवाडा-विदर्भातल्या अनेक गावांत जुनी माणसे तिला ‘गोरक्षण’ म्हणतात. रस्त्यावर गाड्या अडवण्याशी हा शब्द जोडला गेला तो बराच नंतर. गोशाळेत गेलेल्या माणसाला गव्हाणी, जनावरे आणि शेण काढणारा गडी दिसतो. संस्था ज्यांच्या नावावर चालते ते विश्वस्त मात्र सहसा तिथे दिसत नाहीत. ते मोंढ्यात आडतीवर, कोर्टात, शाळेत नाहीतर स्वतःच्या शेतात असतात आणि गोशाळेचा कारभार पगाराविना, उरल्या वेळात पाहतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली बहुतेक शेती कोरडवाहू. तिथे गोशाळेतले जनावर मृगाचा पाऊस पाहणार की नाही, हे बहुतांशी या उरल्या वेळात घेतलेल्या निर्णयांवर ठरते.

या कारभाराची मुळे व्यापारी पेठेत आहेत. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून पारशी समाज खवळला, दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातल्या इतर व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईचा पांजरापोळ, म्हणजे निराधार जनावरांचा निवारा, उभा केला. अशा संस्थांना पैसा पुरवण्याची पेठेची रीत ठरलेली होती. मालाचा सौदा झाला की गाडीमागे किंवा पोत्यामागे काही पैसे ‘धर्मादा’ म्हणून बाजूला निघत आणि ते गायीच्या चाऱ्याला, धर्मशाळेला, पाणपोईला जात. लातूरची गंजगोलाई आणि नांदेडचा मोंढा ही अशाच व्यवहाराची ठिकाणे. पुढे बाजार समित्यांच्या कायद्याने शेतकऱ्याच्या पट्टीतून होणाऱ्या मनमानी कपातीला आळा बसला. ते योग्यच झाले. मात्र त्यामुळे आपोआप येणारा पैसा आटला आणि विश्वस्तांना देणग्या मागत दारोदार फिरावे लागले.

या संस्थांच्या कारभारावर पहिली मोठी टीका त्यांच्या हितचिंतकाकडूनच झाली. १९२५ मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय गोरक्षण मंडळ स्थापन झाले. गोशाळा भक्तीने चालतात, पण शास्त्राने चालत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. गोशाळेने चांगली पैदास करावी, दूध काढावे, मेलेल्या जनावराच्या कातड्याचाही उपयोग करावा आणि हिशेब चोख ठेवावा, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. याच विचाराने १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्यात गोसेवा संघाचे काम हाती घेतले. शंभरेक वर्षे झाली, तरी ही टीका आजही बऱ्याच ठिकाणी लागू पडते.

मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा इथेही लागू झाला. आता त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा असे आहे. गोशाळा काढायची तर किमान सात जण एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवतात आणि तिचीच नोंद सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात होते. घटना लिहिली जाते, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ठरतात. इथपर्यंतचे काम सोपे असते. पुढे दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. एखादा विश्वस्त वारला, त्याने राजीनामा दिला किंवा नवा निवडला गेला, तर ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो. संस्थेची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ भाड्याने देता येत नाही, कर्जही काढता येत नाही. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर ८०जी ची मान्यता ठराविक मुदतीने नव्याने घ्यावी लागते आणि प्रत्येक देणगीचा तपशील आयकर खात्याला कळवावा लागतो. हे सगळे कागद तयार करणारा माणूस म्हणजे बहुधा निवृत्त शिक्षक किंवा बँकेतला कारकून. त्याच्याविना गोशाळा कायद्याच्या नजरेत उभीच राहत नाही.

जनावरे गोशाळेत येतात त्याची कारणे गेल्या दशकात बदलली. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा. त्यातली १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी वीस वर्षे पडून होती. मार्च २०१५ मध्ये ती लागू झाली आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. ट्रॅक्टरने बैलाचे काम आधीच घेतले होते. आता म्हातारा बैल विकायचीही सोय राहिली नाही. दुष्काळात दावणीचे एक जनावर कमी करणे ही शेतकऱ्याची शेवटची तजवीज असते. ती बंद झाल्यावर जनावर गोशाळेच्या फाटकाशी येऊ लागले, कधी मालकासोबत, कधी रात्री नुसतेच बांधून ठेवलेले. म्हैस या बंदीत नाही, म्हणून गोशाळेत ती क्वचितच दिसते. अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘फार्म सँक्च्युअरी’सारख्या संस्था कोंबड्या, डुकरे, मेंढ्याही सांभाळतात. आपल्याकडचा निवारा गोवंशापुरताच राहिला आहे.

दुसरा ओघ जप्तीचा. नांदेडला तेलंगणाची आणि कर्नाटकाची, लातूरला कर्नाटकाची सीमा लागून आहे. पोलिसांनी गाडी पकडली की पंचनामा होतो आणि जनावरे जवळच्या गोशाळेच्या ताब्यात दिली जातात. सुपूर्दनाम्यावर सही विश्वस्ताची असते. त्या क्षणापासून ते जनावर म्हणजे खटल्यातला मुद्देमाल. ते मेले तर पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्यावे लागते, नाहीतर जनावर विकले असा आरोप विश्वस्तावर येतो. सांभाळण्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आणि २०१७ च्या नियमांत आहे, पण खटला लांबला की पैसेही लांबतात. गव्हाण मात्र रोज भरावी लागते. एकाच पहाटे वीस-पंचवीस जनावरे उतरवून घेण्याची वेळ येते तेव्हा ‘जागा नाही’ म्हणण्याचे धैर्य फार थोड्या विश्वस्तांत असते. ते असायला हवे. दोनशेच्या जागेत चारशे जनावरे कोंबली की आधीची दोनशेही उपाशी राहतात.

या कारभाराचा गाभा मात्र चारा आहे. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूरच्या शिवारात रब्बी ज्वारी उभी असते. ती माघ-फाल्गुनात काढणीला येते. कणसे खुडली की उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधल्या जातात. हाच कडबा. तो शेकड्याच्या भावाने विकला जातो आणि काढणीच्या दिवसांत सर्वात स्वस्त मिळतो. चैत्र सरता सरता भाव चढतो आणि वैशाखात पैसे देऊनही चांगला कडबा मिळत नाही. म्हणून जाणत्या कोषाध्यक्षाची खरी परीक्षा फाल्गुनात होते. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण सहा किलो वाळला किंवा पंधरा किलो हिरवा चारा लागतो. दोनशे जनावरांना वाळलाच द्यायचा झाला तर रोज बारा क्विंटल, म्हणजे फाल्गुनापासून पाऊस लागेपर्यंतच्या चार महिन्यांना सुमारे १,४४० क्विंटल. एवढा माल एकरकमी घ्यायला लागणारा पैसा त्या वेळी संस्थेकडे नसतो, कारण देणग्या येतात पोळ्याला, वसुबारसेला, गोपाष्टमीला. मधली फट कुणीतरी विश्वस्त स्वतःच्या आडतीच्या शब्दावर भरून काढतो: माल आज उचलायचा, पैसे नंतर द्यायचे. हिशेबाच्या वहीत ही मदत कुठेच दिसत नाही, पण अनेक गोशाळा तिच्यावरच तगल्या आहेत.

कडबाही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. सोयाबीनची गुळी जनावर खाते, पण कडब्याचा कस तिच्यात नाही. शहाणी विश्वस्त मंडळे म्हणून थोड्या पाण्यावर नेपिअर गवत लावतात, मक्याचा मुरघास करून ठेवतात, कडब्याची कुट्टी करून नासाडी थांबवतात. पाण्याचा हिशेबही असाच. दोनशे जनावरांना उन्हाळ्यात रोज दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर लागतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा शहरातली माणसेच घागरी घेऊन रांगेत होती. अशा वर्षी गोशाळेच्या हौदात टँकर रिकामा करून घेणे किती अवघड, हे सांगायला नको.

आजाराच्या काळात हाच कारभार घाईने बदलावा लागतो. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, लसीकरण सुरू झाले. एका गोठ्यात शेकडो जनावरे असणाऱ्या गोशाळेत आजारी जनावर वेगळे बांधणे आणि नवे जनावर काही दिवस बाजूला ठेवणे हाच बचाव होता. ज्या मंडळात एखादा पशुवैद्य सदस्य असतो, तिथे हे निर्णय वेळेवर होतात. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पोटात प्लास्टिक गेलेल्या मोकाट गायींच्या शस्त्रक्रियेपासून गोचीड निर्मूलनापर्यंत त्याची साथ मिळू शकते. ती मागण्याचे काम मात्र विश्वस्तांचे आहे.

सरकारी मदत अलीकडे वाढली आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र गोसेवा आयोगाचा कायदा झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हणून घोषित केले आणि गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. त्यामागे देशी गायींच्या घटत्या संख्येची चिंता होती: २०१९ च्या पशुगणनेत राज्यात त्या ४६,१३,६३२ भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा २०.६९ टक्क्यांनी कमी. अनुदानासाठी आयोगाकडे नोंदणी आणि जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला लागतो. दोनशे गायींची गोशाळा असेल तर वर्षाला ३६ लाख ५० हजार रुपये होतात. आकडा मोठा वाटतो, पण २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांना सरकारनेच मोठ्या जनावरामागे रोज १०० रुपयांपर्यंत दिले होते. म्हणजे निम्मा खर्च आजही विश्वस्तांनाच उभा करायचा आहे.

पैसा वाढला की मंडळाची नियत तपासली जाते. मराठवाड्यातल्या सार्वजनिक संस्थांचा जुना रोग गोशाळांनाही लागतो. दोन गट पडतात, दोघेही आपापला बदल अहवाल दाखल करतात आणि वाद वर्षानुवर्षे चालतो. तोवर बँकेत कुणाची सही चालणार याचा निर्णय होत नाही आणि गड्यांचे पगार अडतात. शहर वाढले की गावाबाहेरची गोशाळेची जमीन मोक्याची होते आणि तिच्याकडे भलत्यांच्या नजरा वळतात. काही मंडळांत वडिलांच्या जागी मुलगा, मुलाच्या जागी सून असे घराणे चालते. सुनेला मंडळात घेणे चांगलेच, पण ती केवळ सहीपुरती नसावी. शेतकरी, पशुवैद्य, लेखापाल आणि हिशेब विचारणारी निदान एक परकी व्यक्ती मंडळात असली तर यातले बरेच टळते.

मंडळाशिवायही काम होते, याचे मोठे उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. शब्बीर सय्यद यांनी आपल्या कुटुंबासह शंभरावर जनावरे सांभाळली, दुष्काळातही सोडली नाहीत. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका घराच्या निष्ठेची ती थोर गोष्ट आहे, पण अशी घरे मोजकीच. माणूस थकल्यावरही गव्हाण भरत राहावी, यासाठीच विश्वस्त मंडळ असते.

या भागातल्या मंडळांपुढे एक काम अजून बरेचसे शिल्लक आहे. देवणी ही लातूर जिल्ह्याच्या देवणीची आणि लाल कंधारी ही नांदेडच्या कंधारची, दोन्ही देशभर नोंदलेल्या जाती. माळेगावच्या खंडोबा यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात त्यांना मान आहे. गोशाळेत आलेल्या जातिवंत कालवडी आणि वळू वेगळे ठेवून, वंशावळीची नोंद ठेवून गावातल्या शेतकऱ्यांना दिले, तर संस्थेला उत्पन्नही मिळेल आणि जातही टिकेल. त्यासाठी लागते एक नोंदवही आणि ती रोज भरणारा एक विश्वस्त.

गोशाळेला मदत करू इच्छिणाऱ्याने पोळ्याची वाट पाहू नये. फाल्गुनात जावे, सचिवाला लेखापरीक्षणाचा अहवाल मागावा, आणि तो समोर ठेवला गेला तर कडब्याचा एक शेकडा आपल्या नावावर घ्यावा. हिशेबाचे काम येत असेल तर महिन्यातला एक रविवार द्यावा. त्याची निकड चाऱ्याइतकीच आहे.