विश्लेषण : ‘दिवसाला किती सुटतात?’ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची नीतिमत्ता का शिकवायची?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या पहिल्याच वर्षात संशोधन पद्धती हा विषय आला, पुढे प्रकल्पही आला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या विद्यार्थ्यांसाठी प्रकल्पाचे विषय दारातच आहेत : फेरीवाले, घरकामगार, रिक्षाचालक. प्रश्न असा की, या माणसांना विचारायचे कसे?

फेरीवाल्याला धोका कोणता?

समजा, डोंबिवली स्थानकाबाहेर भाजी विकणाऱ्या बाईंना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मावशी, दिवसाला किती सुटतात?’ मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत विक्रीला मनाई केली. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्यात विक्री प्रमाणपत्रासाठी सर्वेक्षण होते. त्यामुळे हातात कागद असलेली मुलगी मावशींना पालिकेची वाटू शकते. मग उत्तर भीतीपोटी येते किंवा परवान्याच्या आशेने. दोन्ही उत्तरे खोटी, आणि फसवणूक मावशींची.

म्हणून आधी सांगायचे : मी अमुक महाविद्यालयाची, यातून परवाना मिळणार नाही आणि जाणारही नाही, नको असेल तर उत्तर देऊ नका. नाव, मोबाइल क्रमांक आणि बसण्याची जागा एकाच तक्त्यात भरून तो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही. नाव काढले की काम झाले, असेही नाही. पुलाखाली चप्पल शिवणारा एकच असेल, तर ‘पुलाखालचा चर्मकार’ एवढे पुरेसे असते.

सध्या काय शिकवले जाते?

पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम आहे. वाङ्मयचौर्याचे २०१८ चे नियमही आहेत : १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. भर मात्र प्रकाशित मजकुरावर आहे. भाजीवाल्या मावशी त्यात फारशा दिसत नाहीत.

आकड्यांचे काय?

२०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंतांनी मांडले, की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांत सरासरी वाढ उणे ०.१ टक्का असते. युरोपातल्या काटकसरीच्या वादात हा निबंध वारंवार पुढे केला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या स्वाध्यायासाठी त्यांची मूळ एक्सेल फाइल मागून घेतली. सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटले होते. इतर त्रुटीही धरून त्याने व त्याच्या प्राध्यापकांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा वाढ २.२ टक्के निघाली. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, निष्कर्षाचा गाभा सोडला नाही. पण फाइल त्यांनी दिली होती, म्हणून चूक सापडली.

इथल्या प्रकल्पांत तपासायला मूळ फाइल असतेच असे नाही. सादरीकरणाच्या आदल्या रात्री घरी बसून भरलेले अर्ज ही त्याहून जुनी अडचण. ते ओळखताही येतात : सगळ्यांचे उत्पन्न ५०० किंवा १०००, एकही नकार नाही, ‘सांगता येत नाही’ एकदाही नाही. खऱ्या बाजारात दहा जणांना विचारले, तर दोघे-तिघे ‘गिऱ्हाईक आहे, नंतर या’ म्हणतात. तो नकारही तक्त्यात लिहायचा असतो.