धारोष्ण दुधाचा मोह आणि रेंगाळणारा ताप

सायंकाळी अंग मोडून येणारा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, कंबरेत व सांध्यांत ठणका. चार दिवस बरे वाटावे आणि पुन्हा तेच. घरातील वडीलधाऱ्यांची ही तक्रार ‘वयोमानाने होणारच’ म्हणून आपण सोडून देत असाल, तर आधी एवढे पाहा : दारी गोठा आहे का, निरसे दूध पिण्यात येते का? गुरांपासून माणसाला जडणारा ब्रुसेलोसिस नेमका याच वेषात येतो. उतारवयात तो पुष्कळदा मणक्यात ठाण मांडतो, आणि क्षय वा संधिवात समजून औषधपाणी चालू राहते.

या रोगाचे मूळ सापडले माल्टा बेटावर. तेथील ब्रिटिश सैनिक या तापाने महिनोन्‌महिने खितपत पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी जंतू शोधला. पण तो येतो कोठून, हे कळायला आणखी अठरा वर्षे लागली. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांनी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि उगम हाती आला. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचे दूध देणे थांबले, आणि ताप झपाट्याने ओसरला. शेळ्या आजारी दिसत नव्हत्या, हीच खरी मेख. धारोष्ण दुधाची महती ऐकत आपली पिढी वाढली. तरीही दूध उकळूनच घ्यावे. (खरवसाची चिंता नको, तो शिजवलेला असतो.)

दुसरी वाट गोठ्यातली. गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली, वार अडकली, की घरची माणसे उघड्या हातांनी धावतात. त्या स्रावात जंतूंचा सुकाळ असतो. हातावरचा ओरखडाही त्यांना पुरतो. हातमोजे घालावेत, वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना आयुष्यात एकदाच द्यायची लस २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून टोचली जाते. ती जिवंत जंतूंची असल्याने पशुवैद्यकांच्याच हातून टोचून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोठ्याची व दुधाची हकीकत आवर्जून सांगा. नेमकी रक्ततपासणी त्यावरूनच सुचते. उपचार बहुधा दोन प्रतिजैविकांचा, निदान सहा आठवड्यांचा असतो. ताप दुसऱ्या आठवड्यात उतरला, तरी गोळ्या थांबवू देऊ नका. अर्धवट उपचारानंतर हा रोग उलटतो.