शून्य प्ले असलेलं गाणं शोधणार कोण? दुर्मिळ सोल रेकॉर्ड्सची गोष्ट

आजचा विषय लांबचा वाटेल, पण तुमच्या फोनमधल्या एका ओळीशी त्याचं थेट नातं आहे. गाणं संपलं की ॲप खाली दाखवतं ना, ‘तुम्हाला हेही आवडेल’, ती ओळ.

मी दिवसा एका कंपनीत अशाच शिफारशींच्या सिस्टिमवर काम करते. तिथे गाणी नाहीत, घरगुती सामान आहे, पण गणित तेच. तुम्ही जे घेतलं ते आणखी कोणी घेतलं, त्या लोकांनी पुढे काय घेतलं, ते तुम्हाला दाखवायचं. मस्त चालतं. पण जी वस्तू अजून कोणीच घेतलेली नाही, तिचं काय? तिच्याबद्दल मशीनकडे माहितीच नसते. म्हणून ती कोणाला दाखवली जात नाही, आणि दाखवली जात नाही म्हणून कोणी घेतही नाही. आमच्या धंद्यात याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. आता याच खड्ड्यात पडलेली हजारो गाणी डोळ्यांसमोर आणा, आणि त्यांना फोन, ॲप, इंटरनेट काहीही नसताना बाहेर काढणारी माणसं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या विक्रीची यादी ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावानं छापायचं. १९४९ मध्ये ते नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ झालं आणि १९६९ मध्ये ‘सोल’. नावं बदलली ती बाजारानं. गाण्याकडे बघाल तर सोल म्हणजे, सोप्या शब्दांत, चर्चमधल्या गॉस्पेलची जीव ओतून गायची पद्धत आणि शब्द मात्र प्रेमाचे, विरहाचे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीनं साठच्या दशकात हे संगीत घरोघरी नेलं. ते बघून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा शहरांत शेकडो छोटी लेबलं निघाली. एखाद्या दुकानदारानं किंवा रेडिओच्या निवेदकानं पैसे जमवायचे, स्टुडिओ भाड्यानं घ्यायचा, सात इंची ४५ आरपीएम रेकॉर्ड काढायची. एका बाजूला एक गाणं, उलट्या बाजूला दुसरं. काही शे प्रती छापायच्या आणि रेडिओवर लागावं म्हणून देव पाण्यात घालून बसायचं.

बहुतेकांचं गाणं लागलंच नाही. त्यात गाण्याचा दोष असायचाच असं नाही. वितरकाकडे वजन नाही, रेडिओवाल्यांना द्यायला पैसे नाहीत, किंवा त्याच आठवड्यात मोटाउनचं नवं गाणं आलं. न खपलेल्या रेकॉर्ड्स खोक्यांत भरून गोदामात गेल्या आणि पुढे कवडीमोलानं विकल्या गेल्या.

आता इंग्लंडमध्ये येऊ, उत्तर भागात. मँचेस्टर, विगन, स्टोक ही गिरण्यांची, खाणींची, कारखान्यांची गावं. आठवडाभर राबणारी पोरं शनिवारी रात्रभर नाचायची, आणि त्यांना हवा होता साठच्या दशकाच्या मध्याचा जलद ठेक्याचा सोल. अमेरिकेत तोवर फंक आलं होतं, फॅशन बदलली होती. लंडनमध्ये डेव्ह गॉडिनचं ‘सोल सिटी’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. फुटबॉलची मॅच बघायला उत्तरेतून येणारी पोरं नव्या रेकॉर्ड्सकडे ढुंकूनही बघत नाहीत, जुनंच मागतात, हे त्याच्या लक्षात आलं. दुकानातल्या लोकांना खूण म्हणून त्यानं या मालाला नाव दिलं ‘नॉर्दर्न सोल’. गंमत बघा, संगीत अमेरिकेचं आणि नाव इंग्लंडच्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यावरून!

हिट गाणी सगळ्यांकडे होतीच. त्यामुळे ज्याच्याकडे कोणीच न ऐकलेलं पण नाचवणारं गाणं, तो डीजे मोठा. ते मिळवायला हे लोक अमेरिकेला जाऊन गोदामं उपसायचे. विगन कसिनो हा क्लब सप्टेंबर १९७३ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर १९८१ मध्ये बंद झाला. तिथला जलसा पहाटे दोनला सुरू व्हायचा आणि सकाळी आठला संपायचा. अल्गोरिदमच म्हणायचं तर हाच होता. चाचणी डान्स फ्लोअरवर. लोक उभे राहिले तर गाणं बाद, नाचले तर पुढच्या शनिवारी परत.

याला एक काळी बाजू आहे आणि मला ती टाळायची नाही. सापडलेलं गाणं दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून रेकॉर्डच्या लेबलवर कागद चिकटवायचा आणि खोटं नाव, खोटा गायक जाहीर करायचा. याला ‘कव्हर-अप’ म्हणत. ही युक्ती नवी नव्हती. पन्नाशीच्या दशकात जमैकातले साउंड सिस्टिमवाले अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड्सचं लेबल खरवडून टाकायचे. किंग्स्टनच्या कॉक्सन डॉडची ओळख बनलेली धून ‘कॉक्सन हॉप’ म्हणजे मुळात विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवाल्याची ‘लेटर फॉर द गेटर’. म्हणजे शिफारस होत होती, लोक नाचत होते, फक्त ज्यानं वाजवलं त्याचं नाव तेवढं गायब!

फ्रँक विल्सनचं प्रकरण या सगळ्याचा कळस आहे. १९६५ मध्ये मोटाउनच्या ‘सोल’ नावाच्याच उपलेबलसाठी त्यानं ‘डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)’ हे गाणं गायलं. साधारण २५० डेमो प्रती निघाल्या असं सांगतात. पण विल्सन गायक न होता निर्माता-गीतकार म्हणून राहिला, रेकॉर्ड बाजारात आलीच नाही आणि प्रती नष्ट झाल्या. पुढे १९६८ मध्ये सुप्रीम्सनी गायलेलं ‘लव्ह चाइल्ड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याच्या गीतकारांत हाच विल्सन आहे, म्हणजे त्याचं बरं चाललं होतं. इकडे वाचलेली एक प्रत इंग्लंडमध्ये पोचली, कव्हर-अप होऊन ‘एडी फॉस्टर’ या नावानं वाजली आणि त्याच नावानं तिच्या चोरट्या प्रतीही विकल्या गेल्या. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये ती खऱ्या नावानं अधिकृतपणे निघाली. मूळ प्रती आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. २००९ मध्ये एक प्रत २५,७४२ पौंडांना गेली आणि २०२० मध्ये एक लाख पौंडांना. तेव्हाच्या दरानं ९० लाख रुपयांच्या वर, एका सात इंची तबकडीचे!

यातला किती पैसा गायकाला मिळतो? शून्य. जुनी रेकॉर्ड विकली की पैसे विकणाऱ्याला. जुनी गाडी विकल्यावर कंपनीला काही मिळत नाही, तसंच. त्यामुळे ‘अमुक रेकॉर्ड लाखाला गेली’ अशी बातमी आली की मी आधी एकच बघते, हे गाणं अधिकृतपणे परत निघालंय का?

‘टेन्टेड लव्ह’ तुम्ही ऐकलं असेलच. सॉफ्ट सेल या जोडीनं १९८१ मध्ये ते गायलं आणि ब्रिटनमध्ये पहिलं आलं. मूळ गायिका ग्लोरिया जोन्स. तिची रेकॉर्ड १९६५ ची, हे गाणं उलट्या बाजूला होतं आणि काहीच चाललं नाही. १९७३ मध्ये रिचर्ड सर्लिंग या डीजेला ती अमेरिकेत सापडली, उत्तरेत वाजू लागली, आणि सॉफ्ट सेलमधला डेव्ह बॉल ब्लॅकपूलचा, नॉर्दर्न सोल ऐकत वाढलेला. साखळी दिसली ना? आता पैशाची साखळी बघा. गाण्यात दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि एक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. दुसऱ्यानं गाणं नव्यानं गायलं की रचनेचे पैसे गीतकाराला जातात, इथे एड कॉबला. पहिल्या गायिकेला त्यातलं काही मिळत नाही. अमेरिकेत तर साध्या रेडिओवर मूळ गाणं वाजलं तरी गायकाला मानधन नाही, फक्त गीतकार-संगीतकाराला.

म्हणून मला रेकॉर्ड दडवणाऱ्या डीजेंपेक्षा नीट पुनर्प्रकाशन करणारी लेबलं जास्त आवडतात. लंडनचं केंट, शिकागोचं न्यूमेरो ग्रुप. न्यूमेरोचं काम डिटेक्टिव्हसारखं आहे. ओहायोतल्या कोलंबस शहरात घरातलं जुनं सामान विकायला निघालं होतं, त्यातल्या टेप्समध्ये त्यांना एक साधं डेमो मिळालं, ‘यू अँड मी’. गट पेनी अँड द क्वार्टर्स. हे कोण, कोणालाच माहीत नव्हतं. २००७ च्या संग्रहात ते आलं आणि २०१० च्या ‘ब्लू व्हॅलेंटाइन’ चित्रपटात वापरलं गेलं. जगभर लोक ऐकू लागले, आणि लेबलपुढे प्रश्न असा की पैसे द्यायचे तर कोणाला? बातम्या छापून आल्या, शोध झाला, आणि पेनी खरंच सापडली. ती आपल्या भावांबरोबर गायली होती. एवढ्या वर्षांनी आपला आवाज सिनेमात आहे हे कळणं म्हणजे काय असेल, विचार करा.

संग्राहकाचं एक मात्र मान्य केलं पाहिजे, तो रेकॉर्ड वाचतो. गाणं संपल्यावर सुई जिथे फिरत राहते त्या गुळगुळीत पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतात. तिथे छोटा त्रिकोण आणि पुढे नंबर असला तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात छापलेली. अमेरिकेत बऱ्याच ४५ व्हाइनिलऐवजी स्टायरीन नावाच्या स्वस्त प्लास्टिकच्या असत. त्या जड सुईनं लवकर झिजतात. चोरटी प्रत अशाच खुणांवरून पकडतात.

आणि दुर्मिळ म्हणजे चांगलं, हे मात्र डोक्यातून काढा. कित्येक रेकॉर्ड्स कोणी घेतल्या नाहीत कारण त्या रटाळ आहेत. तासभर अशी एखादी प्लेलिस्ट ऐका, पटेल.

मग शोधायचं कसं? गायकाच्या नावामागे जाण्याऐवजी वादकांच्या मागे जा. मोटाउनचे स्टुडिओ वादक, ज्यांना फंक ब्रदर्स म्हणतात, पगार मोटाउनचा घ्यायचे आणि चोरून दुसरीकडेही वाजवायचे. रिक-टिक लेबलवरचं एडविन स्टारचं १९६५ चं ‘एजंट डबल-ओ-सोल’ ऐका. जॅकी विल्सनचं १९६७ चं ‘हायर अँड हायर’ तर शिकागोचं, पण वाजवलंय डेट्रॉइटच्या या मंडळींनी. बेसकडे कान द्या, जेम्स जेमरसनचा हात ओळखू येतो. ॲपमध्ये प्रत्येक गाण्याचं श्रेय बघायची सोय असते, तिथे निर्माता आणि गीतकार बघा, आणि त्या नावांनी पुन्हा शोधा.

सुरुवातीला विगनची शेवटची तीन गाणी घ्या. सकाळी आठ वाजायच्या आधी दर वेळी हीच लागायची, जिमी रॅडक्लिफचं ‘लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर’, टोबी लेजंडचं ‘टाइम विल पास यू बाय’ आणि डीन पॅरिशचं ‘आय ॲम ऑन माय वे’. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर बेस मरतो. आणि टोबी लेजंड आवडली तर टोबी लार्क या नावानंही शोधा. बाई तीच आहे, ॲपला ते माहीत असेलच असं नाही.