काचेवरचे पांढरे डाग

दिवाळीच्या तोंडावर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये खिडक्या पुसायची लगबग सुरू होते. सरकत्या खिडकीच्या खाचेतली धूळ आधी कोरड्या ब्रशने काढावी. पाणी आधी पडलं, तर तिचा चिखल होतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाला दाद देत नाहीत. ते मुख्यतः कॅल्शियमच्या क्षारांचे असतात आणि व्हिनेगरमधल्या आम्लात विरघळतात. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर फवारून पाच मिनिटं थांबायचं, मग रबरी पट्टीचा वायपर वरून खाली ओढायचा. भर उन्हात मात्र नको, पाणी लगेच सुकून ओघळ उमटतात. व्हिनेगरमध्ये ब्लीच तर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बाहेरच्या बाजूसाठी छज्ज्यावर उतरणं जिवावर बेतू शकतं. लांब दांड्याचा वायपर पोचत नसेल, तर ती काच खुशाल मळकी राहू द्यावी.