सामुदायिक कार्यशाळा

यंत्रे, हत्यारे, जागा व तांत्रिक माहिती यांचा सामाईक वापर करून नव्या वस्तू वा कार्यपद्धती निर्माण करण्याचे स्थान. कारखान्यात कामाचे स्वरूप आधी ठरलेले असते. येथे ते प्रयोगातून ठरत जाते. त्यामुळे अपयश गृहीतच असते आणि सहभागी व्यक्तींना ते कितपत भयावह वाटते, यावर कार्यशाळेचे यश बव्हंशी अवलंबून असते.

प्रत्यक्ष जोखीम व जाणवणारी जोखीम यांत भेद केला जातो. पहिली हानीची संभाव्यता व प्रमाण यांवरून अजमावता येते. दुसरी व्यक्तीचा अनुभव, सांपत्तिक स्थिती व समाजातील स्थान यांनुसार बदलते. ही संकल्पना रेमंड बाउअर यांनी १९६० मध्ये ग्राहकवर्तनाच्या संदर्भात मांडली. स्वेच्छेने पतकरलेली जोखीम लोक लादलेल्या जोखमीपेक्षा सहजपणे स्वीकारतात, असे चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये दाखविले. कार्यशाळेत इजा व आर्थिक नुकसान यांखेरीज चारचौघांत हसे होण्याची आणि आपली कल्पना दुसऱ्याने उचलण्याची धास्तीही असते.

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याचा एक हंगाम वाया गेल्यास वर्षभराचा निर्वाह अडचणीत येतो. साहजिकच नवे अवजार स्वखर्चाने करून पाहण्यास तो कचरतो. सावड व इर्जिक या जुन्या ग्रामीण प्रथांत बैल, अवजारे व श्रम यांची देवघेव होई. तथापि त्यांत नेहमीचेच काम वाटून घेतले जाई. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) विकसित केलेल्या लघू डाळ गिरणीसारखे यंत्र गटाने मिळून घेतल्यास भांडवलाचा भार विभागला जातो. मात्र त्यात प्रयोग विद्यापीठाने आधीच केलेला असतो. प्रयोगाचीच जोखीम वाटून घेणे, हे सामुदायिक कार्यशाळेचे वैशिष्ट्य होय.

याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पाबळ (जि. पुणे) येथील विज्ञान आश्रम हे होय. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो स्थापन केला. प्रत्यक्ष काम करीत शिकणे व गावाला उपयुक्त सेवा पुरविणे, ही तेथील शिक्षणाची पद्धत आहे. विद्यार्थ्याची चूक तेथे शिक्षणाचाच भाग ठरते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे ‘फॅब लॅब’ सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अशा आरंभीच्या कार्यशाळांत तिची गणना होते. संगणकनियंत्रित कर्तन व कोरीवकाम करणाऱ्या यंत्रांमुळे एखादा नमुना फसला, तरी आराखडा सुधारून तो थोड्या खर्चात पुन्हा करता येतो.

फॅब लॅबच्या सनदेनुसार तेथे सिद्ध झालेल्या आराखड्यावर निर्मात्याचा हक्क राहू शकतो. परंतु तो इतरांना वैयक्तिक वापरासाठी व शिकण्यासाठी उपलब्ध असावा, अशी अपेक्षा असते. सुरक्षितता, स्वच्छता व देखभाल यांची जबाबदारी वापरणाऱ्यांवर असते. असे नियम आधीच स्पष्ट नसल्यास सर्वांचे यंत्र कोणाचेच राहत नाही, बिघाडाचा दोष एकमेकांवर ढकलला जातो आणि लोक चुका लपवू लागतात. सहकाऱ्यांपुढे चूक निर्धास्तपणे मांडता येणारे गट अधिक शिकतात, असे एमी एडमंडसन यांच्या १९९९ मधील अभ्यासात आढळले. त्यामुळे यंत्रसामग्रीइतकेच परस्परविश्वास व नियमांची स्पष्टता हेही अशा कार्यशाळेचे आवश्यक भांडवल ठरते.