शाळेच्या ई-मेल सर्व्हरला वाइल्डकार्ड सर्टिफिकेट बसवताना

निकालाच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये एकेकाचा मोबाईल ओरडू लागला : "सर्टिफिकेटची मुदत संपली आहे." वेबसाईट मात्र नीट चालू होती. मेल पाठवताही येत होता, पण वाचायला गेलं की इशारा. एक सर म्हणाले, "चालू ठेवा दाबा, काही होत नाही." मला खरी भीती याच वाक्याची वाटली, कारण बनावट सर्व्हरही नेमका असाच इशारा दाखवतो आणि तिथे पासवर्ड टाकला की गेला.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं बोनाफाईड. 'मी खरंच या नावाचा आहे' हे तिसऱ्या विश्वासू संस्थेने सही करून सांगितलेलं असतं. वाइल्डकार्डमध्ये नावाच्या पुढे स्टार असतो. समजा डोमेन 'आमचीशाळा डॉट इन' आहे, तर 'मेल', 'निकाल', 'प्रवेश' अशी पुढे लागणारी सगळी नावं त्या एकाच सर्टिफिकेटमध्ये बसतात. पण स्टार एकाच पायरीपुरता असतो. 'जुना डॉट मेल डॉट आमचीशाळा' चालत नाही, आणि नुसतं 'आमचीशाळा डॉट इन' हे नावही वेगळं मागावं लागतं. इथे बरेच जण फसतात.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2018 पासून वाइल्डकार्ड फुकट देते. डोमेन आपलंच आहे हे पटवण्यासाठी डीएनएसमध्ये एक टेक्स्ट नोंद टाकावी लागते. हाताने टाकलीत तर दर नूतनीकरणाला पुन्हा टाकावी लागेल, आणि मुदत असते फक्त 90 दिवसांची. म्हणून ते काम सर्टबॉटसारख्या प्रोग्रामकडे सोपवलेलं बरं.

आता बसवणं. लिनक्सवर बहुधा दोन प्रोग्राम असतात : मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि पेटी उघडून देणारा डव्हकॉट. दोघांच्याही सेटिंगमध्ये सर्टिफिकेट आणि खाजगी किल्ली यांचा पत्ता द्यायचा. सर्टिफिकेट म्हणून मधल्या साखळीसकटची पूर्ण फाईल द्या, नाहीतर काही मोबाईल चालतात आणि काही रुसतात. मग दोन्ही रीलोड करा.

आमचं घोडं इथेच अडलं होतं. नवी फाईल डिस्कवर वेळेवर आली होती, पण डव्हकॉट जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरून बसला होता. वेबसाईट रीलोड करायची सोय आम्ही केली होती, मेलची विसरलो. आता नूतनीकरण झालं की दोन्ही आपोआप रीलोड होतात. शिवाय मी महिन्यातून एकदा ओपनएसएसएलने 993 आणि 587 पोर्टवर मुदतीची तारीख बघते. डिस्कवरच्या फाईलची तारीख बघून उपयोग नाही.

किल्लीची फाईल फक्त रूटला वाचता यावी, व्हॉट्सअॅपवर तर ती कधीच पाठवू नये. वाइल्डकार्डची किल्ली फुटली की मेल, निकाल, प्रवेश सगळ्यांच्या नावाने सोंग घेता येतं. तुमच्याकडे नुसता मेल सर्व्हरच असेल, तर माझ्या मते साधं एका नावाचं सर्टिफिकेट पुरे.