मुहूर्ताला नारळ दोन

सिनेमाच्या मुहूर्ताला नारळ फुटतो, टाळ्या पडतात, फोटो छापून येतो. आदल्या रात्री त्या नारळाची परीक्षा झालेली असते, ती मात्र कुणी छापत नाही. प्रॉडक्शनचा जुना माणूस एकेक नारळ कानाशी धरून हलवतो. पाणी खळखळलं तरच तो पूजेच्या ताटात. एवढं करूनही एका सेटवर निर्मात्यांनी नारळ फोडला आणि आत पार नासका! सगळे गप्प. स्पॉटदादा शांतपणे म्हणाला, "नासका निघाला म्हणजे देवाला पावला, साहेब." आणि मागच्या मागे दुसरा नारळ पुढे केला. (श्रद्धा खरी, पण स्टँडबाय लागतोच.)

मुहूर्ताची वेळ ज्योतिषी मिनिटावर काढून देतात, हिरो मात्र आपल्या सवडीने उगवतो. म्हणून पहिला क्लॅप गणपतीच्या फोटोवर. गणपती वेळेवर हजर असतो आणि तारखांचा घोळ घालत नाही. हिरो आला की पत्रकारांसाठी तोच मुहूर्त पुन्हा!

सिनेमाच्या नावातल्या पहिल्या अक्षराचं वेड त्याहून चिवट. राकेश रोशन यांचा ‘क’ सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचे सासरे जे. ओमप्रकाश आधीपासून ‘अ’चे उपासक: ‘आई मिलन की बेला’, ‘आये दिन बहार के’, ‘आप की कसम’. जावयाने सासऱ्यांचं अक्षर घेतलं नाही, नाद तेवढा घेतला. 1987चा ‘खुदगर्ज’ चालला आणि ‘क’ कायमचा बसला. देवनागरीत तो ‘ख’ आहे, पण ग्रहांना रोमन लिपीच वाचता येत असावी. पुढे ‘किंग अंकल’ आणि ‘कोयला’ फारसे चालले नाहीत, तेव्हा अक्षराला कुणी जाब विचारला नाही.

करण जोहरलाही ‘क’चाच नाद होता; तो सुटला 2006च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मुळे. त्यात ज्योतिषाची जी फजिती होते, ती पाहून त्याने अक्षराचा हट्ट सोडला. दिग्दर्शक म्हणून पुढचा सिनेमा ‘माय नेम इज खान’. रोमन ‘के’ शेवटच्या शब्दात जाऊन बसलाच!

आपल्याकडे मराठीत महेश कोठारे यांच्या सिनेमांच्या नावांतली अक्षरं बोटांवर मोजून पाहा. ‘धुमधडाका’, ‘दे दणादण’, ‘थरथराट’, ‘धडाकेबाज’, ‘झपाटलेला’, ‘पछाडलेला’: सगळी पाच अक्षरी. 2013 साली ‘झपाटलेला 2’ आला. त्यातला दोनचा आकडा अक्षरांत धरायचा की नाही, यावर आमच्या चहाच्या टेबलावर दोन तट पडले होते.